तिसऱ्या ओळीतला कोमल निषाद

ट्वेल्व्ह माइल रोडच्या सिग्नलला गाडी उभी होती आणि रेडिओवर माझं गाणं लागलं. माझं म्हणजे रॉय टॅनफील्डचं. पण त्या क्षणी डोक्यात आलं ते 'माझं' असंच आलं. एखादी गोष्ट वीस वर्षं आपली म्हणत राहिलं की मन साळसूदपणे ती आपलीच धरून चालतं, हे मला तिथे लाल दिव्यासमोर कळलं. शनिवारची दुपार होती, दोन हजार पाचचा ऑगस्ट संपत आला होता. मराठी मंडळाच्या गणपतीची प्रॅक्टिस उरकून मी नेत्राला घरी घेऊन चाललो होतो, मागच्या सीटवर नारळ आणि कोथिंबिरीच्या पिशव्या होत्या. गिटारचे पहिले चार स्वर ऐकताच माझा हात बटणाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला, कारण बंद केलं तर का बंद केलं हे सांगावं लागलं असतं. नेत्रानं एका कानातलं आयपॉडचं बोंड काढलं. मान तिरकी करून ऐकलं. मग अगदी सहज, स्वतःशी बोलावं तशी म्हणाली, "बाबा, दॅट्स अवर साँग."

दिवा हिरवा झालेला मला दिसला नाही. मागच्यानं हॉर्न दिला, आणि मिशिगनमधल्या आमच्या नोव्हायमध्ये कुणी कुणाला हॉर्न देत नाही, म्हणून तो मला शिवी दिल्यासारखा लागला. नेत्रा एव्हाना त्या म्हाताऱ्या इंग्रजी आवाजावर आपले मराठी शब्द घालून गात होती. ते बसत होते. बसणारच. मी ते त्याच मापानं कापले होते. तिसऱ्या ओळीत चाल जिथे अचानक खाली झुकते तिथे तो आणि ती बरोबरच झुकले. गाणं संपल्यावर निवेदक म्हणाला की हे इंग्लंडचे रॉय टॅनफील्ड, 'सॉल्ट क्लार्क्स' या बँडचे एकेकाळचे म्होरके, गेल्या वर्षीच्या त्यांच्या सीडीतून; आणि पुढच्या रविवारी दुपारी तीन वाजता ते ॲन आर्बरच्या रेकॉर्डच्या दुकानात गाणार आहेत, प्रवेश खुला आहे. नेत्रा माझ्याकडे वळली. तिचे डोळे चमकत होते. तिला रागाच्या आधी आनंद झाला होता. "गेल्या वर्षीची सीडी? बट यू रोट इट लाइक हंड्रेड इयर्स अगो. बाबा, ही स्टोल इट फ्रॉम यू."

खरं सांगायला मला तेव्हा एक श्वास मिळाला होता. एक पूर्ण, मोकळा श्वास, रस्त्यावर गर्दी नव्हती, नेत्रा तेरा वर्षांची होती आणि तिला माझ्याबद्दल इतकं प्रेम त्यानंतर कधी वाटेल याची खात्री नव्हती. त्या श्वासात मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

चार शब्द. नंतर मी स्वतःशी वाद घातला की यात खोटं काय आहे, असं होतंच कधी कधी. वकील असतो तर बरा चाललो असतो. पण मी गाडीच्या सीटखालचे ब्रॅकेट डिझाइन करणारा इंजिनियर, आणि कुठलं ब्रॅकेट किती भार घेईल हे मला कळतं. हे घेणार नव्हतं.

शहाऐंशी साली पुण्यात आमच्या कॉलेजनं आंतरमहाविद्यालयीन समूहगान स्पर्धेत भाग घेतला होता. नियमात लिहिलं होतं, 'रचना व चाल स्वतंत्र असावी.' शब्द मी लिहिले होते, आणि ते खरंच मी लिहिले होते, पाहुण्यांच्या स्वागताचे, भाबडे: यावे, यावे, दार उघडे, परके इथे ना कोणी, परके इथे ना काही. चाल लावायला पंधरा दिवस होते. तेरा दिवस मी हार्मोनियम पुढ्यात घेऊन बसलो आणि जे जे वाजवलं ते आकाशवाणीवर आधी ऐकलेलं निघालं. चौदाव्या दिवशी बेहरूझची कॅसेट लावली. बेहरूझ हा होस्टेलवर माझ्या शेजारच्या खोलीतला इराणी मुलगा. त्या काळी पुण्यात पुष्कळ इराणी मुलं शिकायला असायची. जाताना तो मला एक किटली आणि ही कॅसेट देऊन गेला होता. लंडनच्या चुलतभावानं त्याला एका एलपीवरून भरून पाठवलेली. लेबलवर बारीक अक्षरात 'आर. टॅनफील्ड, ७४.' पुण्यात हे नाव माहीत असलेला दुसरा माणूस विमानात बसून गेला होता. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं एका बाईबद्दल होतं, ती मुलगा परत येईल म्हणून रात्रंदिवस फाटकाची कडी काढून ठेवते. मी माझे शब्द त्यावर म्हणून पाहिले. एक मात्रा कमी पडत होती, ती ओढून घेतली. झालं. वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आम्ही पहिले आलो. परीक्षक होते एक वयस्क संगीतकार, धोतर नेसलेले, कान किंचित बहिरा, तरी सगळं ऐकू येणारे. बक्षीस देताना त्यांनी माझा हात सोडलाच नाही. म्हणाले, "यमन वाटता वाटता तिसऱ्या ओळीत कोमल निषाद आणलास, आणि तो खटकत नाही. कुठून सुचलं रे तुला?" माझ्या मागे गाणाऱ्या मुली उभ्या होत्या, त्यात दुसऱ्या ओळीतली उंच, वेणीवाली मृणालिनी बापट होती, तिच्याशी महिनाभर बोलायचा धीर मला होत नव्हता. मी म्हणालो, "सुचलं." म्हाताऱ्याचे डोळे पाणावले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात अजून माझ्या डोक्यावर आहे, विशेषतः सकाळी केस विंचरताना. मृणालिनी त्याच संध्याकाळी माझ्याशी बोलली. काय बोलली, तर, "तो निषाद मला फार आवडतो."

बाकी सगळं त्यातून आलं. लग्न, एकोणनव्वदमध्ये अमेरिका, मिशिगनमधली एमएस, नोकरी, घर, नेत्रा. लग्नाच्या वेळी मंगलाष्टकं रेकॉर्ड करायला घरात कोरी कॅसेट सापडेना, तेव्हा मी बेहरूझची पुढे केली. लेबल आधीच खरवडून काढलं होतं. सगळ्यांना वाटलं नवरदेव किती तत्पर आहे. मी पुरावा पुसत होतो. ती कॅसेट मृणालिनीनं जपून अमेरिकेत आणली आहे आणि दर ॲनिव्हर्सरीला थोडी ऐकते, पण शेवटपर्यंत कधी ऐकत नाही. शेवटपर्यंत मी ऐकली आहे. भटजींचा 'शुभ मंगल सावधान', तुतारी, टाळ्या, कुणीतरी "अक्षता, अक्षता" म्हणतंय, मग खट्, आणि त्यानंतर अकरा सेकंद गिटार. पुसायचं राहिलेलं. ते अकरा सेकंद मी सोळा वर्षं पुसू शकलो असतो आणि पुसले नाहीत. का ते मला सांगता येत नाही. सगळंच पुसलं असतं तर मग त्या माणसाशी माझा काही संबंधच उरला नसता, असं काहीसं असावं.

संबंध म्हणजे काय, तर मी रॉय टॅनफील्डवर लक्ष ठेवून होतो. मिशिगनला आल्यावर युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत एका जाड कोशात त्याच्यावर अर्धा स्तंभ सापडला आणि तो मी उभ्या उभ्या तीनदा वाचला. मातीची भांडी बनवणाऱ्या गावातला जन्म. वडील भट्टीवर. चर्चमधल्या पायपेटीवर स्वतःच शिकलेला. विसाव्या वर्षी सात जणांचा बँड, त्यात एक बाई फिडल वाजवणारी, आणि सगळ्यांची गाणी हाच लिहायचा, हाच बसवायचा, हाच ओरडायचा. पहिली एलपी चौऱ्याहत्तरची. कुणी घेतली नाही. सत्याहत्तरमध्ये एक गाणं थोडंसं चाललं, दोन आठवडे. मग माणसं जात राहिली. फिडलवाली गेली, ड्रमवाला वारला, नवे आले, बँडचं नाव तेच. नंतर इंटरनेट आलं आणि माझी सोय झाली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी त्याचं नाव टाइप करायचो. घशाचं ऑपरेशन, कार्यक्रम रद्द. बँड अखेर मोडला. आता एकटाच गिटार घेऊन फिरतो, चाहत्यांच्या घरी उतरतो. प्रत्येक बातमी वाचताना माझ्या चेहऱ्यावर काय दिसत असेल कोण जाणे, पण आत काय व्हायचं ते मला माहीत आहे. जीव भांड्यात पडायचा. टॅनफील्ड पडला की मी तरायचो. त्याला एखादं बक्षीस मिळालं असतं, कुठल्या सिनेमात ते गाणं गेलं असतं, तर माझी अब्रू गेली असती. वीस वर्षं मी एका परक्या माणसाचं वाईट व्हावं म्हणून मनातल्या मनात जपजाप्य करत होतो, आणि त्या माणसानं मला आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट दिली होती. चोरी परवडली. चोरी वीस मिनिटांत झाली होती.

आणि गाणं तर वाढतच होतं. पंच्याण्णवमध्ये मृणालिनीनं ते आमच्या मंडळात बसवलं, तेव्हापासून दर गणपतीला हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये पडदा वर गेला की वीस मुलं झब्बे-परकर घालून तेच गातात. इथे जन्मलेल्या मुलांना देवनागरी येत नाही, म्हणून शब्द रोमन अक्षरांत छापून वाटतात. स्मरणिकेत दर वर्षी पहिल्या पानावर: 'स्वागतगीत. गीत-संगीत: परीक्षित सोवनी.' पहिल्या वर्षी मी प्रतापला म्हणालो होतो, नाव नको छापूस यार. प्रताप तेव्हापासूनचा अध्यक्ष, नागपूरचा, मोठ्या मनाचा आणि मोठ्या आवाजाचा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "बघा, याला म्हणतात विनय." पुढे पुढे तर नाव कुठल्या टाइपात आहे तेही मी पाहायला लागलो.

त्या शनिवारी घरी आल्या आल्या नेत्रानं आईला सांगितलं. मृणालिनी ओट्याशी नारळ खवत होती. ऐकून आधी हसली, मग थांबली. "अरे, पण कसं शक्य आहे? कुणी नेलं असेल इथून?" मी म्हणालो, "कुणास ठाऊक. असेल योगायोग." "योगायोगानं तो निषाद?" तिनं विचारलं. अभिमानानं विचारलं. माझ्या वतीनं तिला राग आला होता आणि मी त्या रागाकडे पाहत सिंकमधले दोन कप पुन्हा पुन्हा धूत राहिलो. रात्री प्रतापचा फोन आला. "अबे, कोर्टात खेच, सू कर त्याला. सोडू नको." मी हसण्यावारी नेलं. नेत्रानं इंटरनेटवर शोधलं. चौऱ्याहत्तरची एलपी कधी सीडीवर आलीच नव्हती, आणि नेटवर ते गाणं फक्त गेल्या वर्षीच्या सीडीच्या यादीत होतं. 'टू थाउजंड फोर' असं तिनं वहीत लिहिलं आणि शेजारी 'बाबा: नाइन्टीन एटी-सिक्स' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. रविवारी जायचं तिनं ठरवून टाकलं. मी म्हणालो, माझं काम आहे. ती म्हणाली, मग आई ड्राइव्ह करेल. तेव्हा मी काम कॅन्सल केलं. मी तिथे असलो तर काही तरी सावरता येईल असं मला वाटलं, आणि काय सावरायचं होतं हे मी स्वतःला विचारलं नाही.

दुकानात रेकॉर्डची खोकी बाजूला सारून तीसेक घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. वीस माणसं असतील. बहुतेक पन्नाशीच्या पुढची, पिकलेल्या शेंड्या बांधलेले पुरुष, कापडी पिशव्या घेतलेल्या बायका. आम्ही दोघंच वेगळे दिसत होतो. माझ्या उजवीकडे बसलेल्या गृहस्थाच्या मांडीवर एक जुनी एलपी होती. मी तिच्याकडे एकदाच पाहिलं. कोशात तिच्याबद्दल वाचलं होतं, पण मी ती कधी पाहिलेली नव्हती, तरी ओळखली. फाटकाचं चित्र होतं.

रॉय टॅनफील्ड आला तो मागच्या कोठीतून, हातात चहाचा कागदी कप घेऊन. मी कल्पिला होता त्यापेक्षा बुटका. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, कोपरावर विरलेला स्वेटर. साठीचा असेल, पण बसताना गुडघ्यावर हात टेकून बसला. ज्याचं इतकी वर्षं वाईट चिंतलं तो माणूस समोर इतका साधा निघाला की मला त्याच्या बुटांकडेच पाहत बसावंसं वाटलं. तो चांगला बोलला. म्हणाला, "माझ्या बँडमधून एकतीस जण गेले. दोघं परत आले. त्यातला एक छत्री विसरला होता म्हणून." सगळे हसले. नेत्राही हसली. आवाज खरखरीत झाला होता, वरचे स्वर गेलेले, जिथे चढता येत नव्हतं तिथे तो चक्क बोलून टाकायचा. शेवटी त्यानं ते गाणं घेतलं. मी ते कॅसेटवर दोनशे वेळा ऐकलं असेल, पण मुलगा परत येणार नाही हे त्या बाईला माहीत आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. मी एकविसाव्या वर्षी फक्त माप घेतलं होतं.

मग त्यानं विचारलं, काही प्रश्न? नेत्राचा हात वर गेला. शाळेत जातो तसा, सरळ. मी तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता, तो नुसता घट्ट झाला. "एक्स्क्यूज मी, मिस्टर टॅनफील्ड," ती म्हणाली, अतिशय नम्रपणे, आईनं शिकवलेल्या नम्रपणानं. ते शेवटचं गाणं माझ्या बाबांनी लिहिलंय, भारतात, पुण्याला, नाइन्टीन एटी-सिक्समध्ये, आमच्याकडे ते दर वर्षी सगळे गातात. "सो आय वॉज जस्ट वाँडरिंग, तुम्ही ते कुठे ऐकलंत?"

उजवीकडचा गृहस्थ पुढे झुकला. "पण हे तर चौऱ्याहत्तरच्या…" त्यानं सुरुवात केली, आणि रॉय टॅनफील्डनं गिटारवरचं एक बोट उचललं. अगदी थोडं. बँड चालवलेल्या माणसाचं बोट होतं ते. गृहस्थ मागे सरकून बसला. मग टॅनफील्डनं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. उठून उभं राहायला आणि एक वाक्य बोलायला पुरेल इतका होता. वाक्य तयारही होतं, वीस वर्षांपासून. मी बसून राहिलो.

"पूना," तो म्हणाला. "असं बघ, आमच्या धंद्यात गावोगाव फिरताना कानावर पडतं आणि डोक्यात राहतं. पुढे वाटतं, आपल्यालाच सुचलं. तुझ्या वडिलांचं आहे म्हणतेस, तर मी त्यांच्याकडूनच उचललं असणार."

एक-दोघं हसले, उगीचच. उजवीकडच्या गृहस्थानं मांडीवरची एलपी हळूच उपडी केली. फाटक झाकलं, आणि मागच्या अंगाला छापलेलं सालही दिसू नये म्हणून तिच्यावर दोन्ही पंजे पसरले. पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली. दयेनं हसली. त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाला ते गाणं पाठ होतं. खरं ठाऊक नसलेली एकच व्यक्ती तिथे होती, ती माझी मुलगी, आणि तिच्यासाठी ही वीस अनोळखी माणसं ठरवल्यावाचून एकजुटीनं खोटं बोलत होती. मला अंगावर कपडे नसल्यासारखं झालं.

"तुमचे शब्द ऐकव ना," टॅनफील्ड तिला म्हणाला. ती उभी राहून गायली. तो मागे वाजवत होता. तिसऱ्या ओळीत ती बरोबर त्या निषादावर उतरली तेव्हा त्यानं मान खाली घातली आणि हसला, स्वतःचं घर कुणी नीट ठेवलेलं पाहावं तसा. टाळ्या जोरात झाल्या.

नंतर सह्यांची रांग होती. नेत्रा खोक्यांतल्या रेकॉर्ड चाळत राहिली आणि मी सीडी घेऊन त्याच्या टेबलापुढे उभा राहिलो. "मिस्टर टॅनफील्ड, मी…" म्हणालो, आणि सीडी पुढे केली. त्यानं चष्मा लावला. "किती वर्षांची?"

"तेरा."

"माझी मुलगी अडतीसची आहे," तो म्हणाला. "माझ्या कार्यक्रमाला ती सोळाव्या वर्षी शेवटची आली. मी तिला काय सांगितलं होतं आणि खरं काय निघालं, ते मोठं प्रकरण आहे." त्यानं नेत्राच्या नावाचं स्पेलिंग विचारलं, लिहिलं, सही केली. मग वर न पाहता म्हणाला, "मी आज तुमच्या पोरीला चारचौघांत तोंडघशी पाडलं नाही. एवढंच. तुमच्यासाठी काही केलेलं नाही. बाकीचं काम तुमचं आहे, ते मी करणार नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो दमला होता. मी सीडी घेतली. आभार मानावेत की माफी मागावी हे न कळून मी दोन्ही केलं नाही.

गाडीत नेत्रा थांबतच नव्हती. प्रताप काकांना सांगायचं, स्मरणिकेत छापायचं, ब्रिटिश सिंगर ॲडमिट्स, फोटो मात्र काढायला हवा होता. मग जराशी शांत होऊन म्हणाली, "ही वॉज सो नाइस अबाउट इट. मला थोडं वाईट वाटलं त्याच्यासाठी." मी रस्त्याकडे पाहत होतो. "आणि तुझ्या बाजूचा माणूस काय वियर्ड होता, बाबा. त्यानं त्याची रेकॉर्ड लपवली." ती बोलता बोलता थांबली. तिच्या डोक्यात काहीतरी जुळू लागलं होतं, पण माझ्यावरच्या विश्वासापायी ती ते जुळू देत नव्हती. तिचं ते धडपडणं मला बघवेना. हायवेला लागायच्या आधी एका चर्चचं रिकामं पार्किंग होतं, तिथे मी गाडी वळवली आणि इंजिन बंद केलं.

"नेत्रा, ती चाल मला सुचली नव्हती," मी म्हणालो. "मी ऐकली होती. त्याचीच. एका कॅसेटवर." मग बाकीचंही सांगितलं, बेहरूझ, स्पर्धा, चौऱ्याहत्तर. मंगलाष्टकांचं सांगितलं. इतकी वर्षं न सांगितलेली गोष्ट सांगायला चार मिनिटं लागली. ती समोरच्या डॅशबोर्डकडे बघत होती. सीडी तिच्या मांडीवर होती.

"आईला माहितीये?"

"नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही."

"त्या सगळ्यांना माहीत होतं. त्या रूममध्ये." हे तिनं विचारलं नाही, सांगितलं. मग तिच्या मानेवरून लाली वर चढताना मला दिसली, कानापर्यंत. "आय कॉल्ड हिम अ थीफ. सगळ्यांसमोर. आणि ही वॉज… ही जस्ट टुक इट." मी म्हणालो, "तू नाही गं, चूक माझी…" ती वळली. माझ्याकडे तिनं इतकं सरळ पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "यू लेट मी, बाबा," ती म्हणाली. "तू बाजूलाच बसला होतास."

मी गाण्याच्या चोरीची लाज वीस वर्षं बाळगली होती, त्या चोरीसाठी सबबी जमवल्या होत्या, वय, पंधरा दिवस, बेहरूझ. ही लाज आजच्या दुपारची होती आणि तिला सबब नव्हती. माझ्या वाटची शरम मी माझ्या मुलीच्या तोंडून त्या माणसावर फेकली होती आणि खुर्चीची पाठ धरून बसलो होतो.

"गो बॅक," ती म्हणाली.

आम्ही परत गेलो तेव्हा टॅनफील्ड दुकानासमोर एका जुन्या स्टेशन वॅगनच्या मागच्या दारातून गिटारची पेटी आत सरकवत होता. मी पट्टा सोडायला लागलो. "तू गाडीत थांब," नेत्रा म्हणाली. इतक्या मोठ्या माणसासारखी म्हणाली की मी थांबलो. काचेतून दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. ती त्याच्यासमोर जाऊन हात मागे बांधून उभी राहिली, मंडळाच्या स्टेजवर राहते तशी. बोलली. त्यानं कमरेत वाकून ऐकलं. तिनं बाहीनं डोळे पुसले. तो काहीतरी म्हणाला, बराच वेळ, आणि एकदा आमच्या गाडीकडे त्यानं पाहिलं. मी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा ती परत येत होती.

तिनं पट्टा लावला. हायवेला लागून दहा-बारा मिनिटं झाली होती. शेवटी ती खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली, "सॅटर्डेला गणपतीत मी ते गाणार नाही, जर तुझं नाव तसंच असेल तर."

"नसेल. आज आईला सांगतो. मग प्रतापला फोन करतो."

"मी आईजवळ बसेन तेव्हा," ती म्हणाली. माझ्याजवळ नाही, हे मला कळलं. मृणालिनी ऐकून काय करेल याचा मी विचार करू लागलो, आणि दिसली ती ओट्याशी उभी असलेली, मागच्या शनिवारसारखी, माझ्या वतीनं रागावलेली. ती कॅसेट ती शेवटपर्यंत लावेल. अकरा सेकंद ऐकेल.

नोव्हायचा एक्झिट आला. पहिल्याच सिग्नलला लाल दिवा लागला.

"त्यानं विचारलं, तुमच्या वर्ड्सचा अर्थ काय," नेत्रा म्हणाली. "मी म्हटलं मला माहीत नाही. आय जस्ट सिंग इट. लहानपणापासून गाते आणि मला माहीत नाही. तो म्हणाला, बाबांना विचार, ते तरी त्यांचे आहेत." दुकानातून निघाल्यापासून तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "सो? काय आहे?"

मी सांगू लागलो. यावे, यावे म्हणजे प्लीज कम. दार उघडे, द डोअर इज ओपन. ती मान डोलवत होती, एकेक ओळ मनात गाण्यावर बसवून पाहत होती. परके इथे ना कोणी, नोबडी इज अ स्ट्रेंजर हिअर.

"आणि त्यानंतरची? थर्ड लाइनचा एंड. जिथे ते खाली जातं."

परके इथे ना काही. एकविसाव्या वर्षी लिहिली होती, यमक जुळत होतं म्हणून. दिवा अजून लाल होता. ती वाट पाहत होती, आणि आता मला तिला काहीही खोटं सांगता येणार नव्हतं.

"इथे जे आहे," मी म्हणालो, "त्यातलं काहीच दुसऱ्याचं नाही."

"इन इंग्लिश, बाबा," ती म्हणाली.